गोदूबायचे मानकरी

कोन नावाच्या गावात गोदूबाय आल्याशिवाय लग्न उभं राहत नाही. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तीच म्हणणार. अक्षर एक येत नाही, पण क्रम कधी चुकत नाही. कुणी घाई केली की फटकारते, "हलद पलून चालली काय? आदी देवांना आवतन, मंग हलद."

नात मनस्वीचं लग्न ठरलं आणि गोदूबायच्या गळ्याला, काखेत गाठी आल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. केमो झाली. गाठी गेल्या, पुन्हा आल्या. परेशने, तिच्या मुलाने, लग्नाला दुसरी धवलारीण बघायचा विषय काढला तर म्हातारी उसळली. "माजे नातीच्या मांडवान दुसरी? मी मेली काय रे?"

मग डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला. "आजी, रोगाशी लढणाऱ्या पेशी तुमच्या रक्तात आहेत. पण त्या कॅन्सरला ओळखत नाहीत. त्या काढून घेऊ, ओळखायला शिकवू आणि परत अंगात सोडू."

"म्हंजे वऱ्हाडान फुकटा घुसलाय," गोदूबाय म्हणाली, "आन् आमचे मानकरी त्यालाच भात वाढतान. त्याना भायेर नेऊन त्याचा थोबाड दाखवाचा."

"अगदी तसंच! पण परतल्यावर ते धिंगाणा घालतील. ताप येईल, कधी मेंदूवरही परिणाम होतो."

रक्तातून काढून नेलेले मानकरी काही आठवड्यांनी शिकून, एका छोट्या पिशवीतून परत अंगात आले. मेंदू ताळ्यावर आहे ना हे बघायला नर्स ललिता रोज चार प्रश्न विचारायची आणि कागदावर एक वाक्य लिहायला लावायची.

"मी लिवनार?" गोदूबाय खदखदून हसली. "त्यापेक्षा धवला सांगतू."

ठरलं. रोज सकाळी खाटेवर लग्न लागायचं. मांडव, देवांना आवतण, हळद. मनस्वी उशाशी बसून ऐकायची.

मग ताप चढला. त्या सकाळीही गोदूबाय म्हणाली, सुरात म्हणाली. ललिता म्हणाली, "छान आजी!" मनस्वी मात्र ताडकन उठली. "हिने देवांना आवतण न देताच हळद लावली."

"ताप आहे गं. विसरल्या असतील."

"सिस्टर, आजी जेवायचं विसरेल. हे नाही."

ललिता वाकली. "आजी, आपण कुठे आहोत?"

"मांडवान."

डॉक्टरीणबाई धावत आल्या, औषध सुरू झालं. दोन दिवस गोदूबाय सगळ्यांकडे परक्यासारखी बघत होती. मनस्वीने हात सोडला नाही. तिसऱ्या दुपारी म्हातारीची नजर परेशवर स्थिरावली.

"दुसरी धवलारीन बगलीस काय रे?"

परेश रडतारडताच हसला.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ औषधालाही उरली नव्हती. तपासण्या अजून चालू आहेत, पण लग्नात गोदूबाय नव्या लुगड्यात उभी राहिली. मांडवाचा धवला झाला आणि ती थबकली. पाहुणी म्हणून आलेली ललिता खुर्चीवरून अर्धी उठली.

"बस गो बाय," गोदूबाय म्हणाली. "दम घेऊंदे. लय जनांना आवतन द्याचाय."

तिने गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या देवाला बोलावलं, खाडीला बोलावलं. शेवटी छातीवर हात ठेवून, याआधी कुणी न ऐकलेली ओळ तिने उंच सुरात लावली.

"माजे रगतातले मानकरी, तुमी पन या. पयल्या पंगतीला बसा."

मग म्हणाली, "आना आता हलद."