बरी झाल्याची साक्ष

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीशी धरला आणि सांगितलं, "टीबी आहे." मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा फोटो बघून राहिले. मी तर साधा खोकला म्हणून अडुळसा घेत होते. थुंकीची तपासणी पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे खोकलं की जंतू बाहेर. लेकीला जवळ घ्यायचं नाही म्हणाले. माझी लहानगी सुनीता पवनीला माझ्या आईकडे गेली. ती जाताना मी दारामागं उभी राहून रडले.

ही एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. गोळ्या होत्या आणि स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे कमरेत घ्यायची सुई. ती घ्यायला ह्यांच्या सायकलवर मागं बसून आंधळगावच्या दवाखान्यात जायची. सुईनं कान गुंजायचे, गोळ्यांनी पोट ढवळायचं. संध्याकाळी आमच्या चर्चची माणसं यायची, दिवसभर हातमागावर दमलेली, आणि माझ्यासाठी गुडघे टेकायची. त्यांना बघून धीर यायचा. मी मरणार म्हणून येतात की काय, असंही वाटायचं.

मग ताप गेला. भूक लागली. हे आनंदानं वेडे झाले आणि मला न विचारता चर्चच्या पाळकसाहेबांना येत्या रविवारी माझी उपकारस्तुती ठेवायला सांगून आले. आमच्यात बरं झालेल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, की प्रभूनं मला बरं केलं. साक्ष झाली की हे पवनीहून लेकीला आणणार होते. आणि सुई बंद. ह्यांचं म्हणणं, साक्ष देऊन पुन्हा सुई घेतली तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. थुंकीत जंतू अजून आहेत. मधेच सोडलं तर पुढं हेच औषध चालणार नाही."

आता काय करावं? ताप प्रार्थनेनं गेला की सुईनं? बरी नाही म्हणावं तर माझा विश्वास कच्चा. बरी म्हणावं तर लेकीच्या छातीत माझा रोग. डोकं भणभणून गेलं. प्रभूलाच विचारत राहिले.

रविवारी पाळकसाहेबांनी नाव घेतलं. उभी राहिले तेव्हाही काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं.

"मी बरी नाही झाली अजून," मी म्हणाले. "सुई घेऊन राहिली, पुढंही घेईन. प्रभू सोबत हाये असं वाटते. कधी कधी नाही वाटत. मले एवढंच सांगता येते."

कुणी आमेन म्हटलं नाही. हे खाली बघत बसले. पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि गीत सांगितलं.

बाहेर पडताना मार्थामावशीनं माझा पदर ओढला. ती आमच्या चर्चमधली एकटी राहणारी विधवा. हळूच म्हणाली, "पोरी, मलेही खोकल्यात रगत पडते. देवानं टाकलं म्हनतील, म्हनून कोनाले सांगतलं नाही. सुई कोन्या दिवशी देतेत?"

हे मागंच उभे होते.

तुमच्या घरी कुणाला असा खोकला असेल तर लपवू नका, आणि औषध अर्ध्यावर सोडू नका. पुढं माझी थुंकी साफ आली, लेक घरी आली. मी कशानं वाचले हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. देवाचे उपकार मानते, डॉक्टरांचेही मानते.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, ह्यांनी सायकल काढली. ती आधी मार्थामावशीच्या दारात नेली आणि तिला मागं बसवलं. मी आंधळगावला पायी निघाले.