टोपातला पैसा

लाकडाच्या होडीला कोणी ठोकून बघत नाही. माझ्या होडीला मात्र बांधावर आलेल्या प्रत्येकाने ठोकून बघितलं. कुणी बोटांच्या पेरांनी, कुणी गाडीच्या किल्लीने, एकाने तर गळाच्या शिशाच्या गोळ्याने. टण्ण असा आवाज आला की ठोकणारा बाकीच्यांकडे बघायचा आणि सगळे हसायचे. पहिल्याच रविवारी तिचं बारसं झालं. नाव ठेवलं, टोप.

"ही काय होरी हाय? हा टोप हाय टोप. खाली चूल पेटव, वरण शिजल यान."

आम्ही गळवाले. रविवारी सकाळी भरतीच्या तोंडाला खाडीच्या बांधावर गळ टाकून बसणारे सहा-सात जण. आमच्यातल्या कुणाचंही पोट आता माशांवर नाही. बहुतेकांच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली आहेत आणि ते भाड्यावर आरामात जगतात. एक जण नारपोलीत लूम चालवतो, मूळचा उत्तरेकडचा, पण गळ टाकण्यात आम्हाला भारी. मी दापोड्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. आमची जमीन माझ्या आजोबांच्याच हातून गेली होती, त्यामुळे भाडं वगैरे आमच्या नशिबात नव्हतं. नाल्यातून खाडीला कधी निळं, कधी जांभळं पाणी येतं, तरी आम्ही बसतो. बांधावर प्रत्येकाचा दगड ठरलेला असतो. माझा दगड दादांच्या शेजारी.

दादा आमच्यात सगळ्यांत मोठे. माझे वडील लवकर गेले. गळाला कोलंबी कशी लावायची, ओहोटी लागली की दोरी किती सोडायची, जिताडा ओढायला लागला की हात कसा ढिला ठेवायचा, हे सगळं मी दादांच्या शेजारी बसून शिकलो. आमच्या गावातली शेवटची होडी त्यांच्या वडिलांची होती. पलीकडच्या बेटावरचं भात त्या होडीने या काठाला यायचं. पूल झाला, भात गेलं, होडी बांधावर पडून वाळली आणि एका होळीला दादांनी स्वतः ती फोडली. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

होडी माझ्याकडे आली ती गोडाऊनमुळे. कुणा फार्महाऊसवाल्याने मागवलेली अल्युमिनियमची छोटी होडी, बसायला दोन फळ्या असलेली, माल उतरला आणि घ्यायला कोणी आलंच नाही. वर्षभर ती कोपऱ्यात उभी होती. शेवटी मालक वैतागून म्हणाला, "जागा मोकळी कर, तूच घेऊन जा," आणि मला परवडेल असा भाव सांगितला. बायको म्हणाली, "आपल्याकडे स्कूटर ठेवायला जागा नाही." मी तरी घेतली. खरं कारण मी तिलाही सांगितलं नव्हतं. दादांचे गुडघे गेले होते. महिन्यातून एकदा ते गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसून यायचे, पण बांधाच्या दगडावर बसून उठताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघायचं. होडीच्या फळीवर बसले तर पाय लांब करता येतील, एवढा साधा माझा विचार.

पण ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या उभ्या आहेत, त्यांना माझा टोप खुपला. मला याचा राग तेव्हाही आला होता आणि आजही येतो. त्यांच्यापैकी कुणीही अशा चार होड्या घेऊ शकला असता. त्यांच्या मनात कधी आलं नाही, माझ्या मनात आलं, हाच माझा गुन्हा. मला जिताडा लागला की म्हणायचे, "होरीन बसून कोनपन धरल." नाही लागला की म्हणायचे, "होरी घेऊन पन काय उपयोग?" कुणालाच काही लागलं नाही, तर माझ्या टणटणीने मासे पळाले. आणि एवढी टिंगल करून काम पडलं की मीच. कुणाचा गळ पुलाच्या खांबाला अडकला की, "जरा होरी घेऊन जा ना, काढून दे." कुणाला पलीकडच्या काठाला बसायचं असलं की, "मना सोर तिकरं." लूमवाल्याने तर गावाहून आलेल्या मेहुण्याला घेऊन हजेरी लावली. "भाईजान, ज़रा एक राऊंड मार दो, फोटो निकालना है." मी राऊंड मारला. नावाडी झालो मी, बिनपगारी.

दादा मात्र होडीत बसेनात. "मी बांधाव बराय," एवढंच. माझ्या जिवाला सगळ्यांत जास्त हे लागायचं. बाकीच्यांची टिंगल मी झेलली असती.

मग एकदा मी सरळ विचारलं. "दादा, का नाही बसत?"

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "पैसा न्हाय तिच्यान. पैसा न्हाय ती होरी न्हाय. डबा हाय."

आमच्याकडे होडी बांधताना नाळेत, म्हणजे तिच्या पुढच्या टोकात, तळाशी एक तांब्याचा पैसा बसवतात. त्याचं तोंड पाण्याकडे. तो बसला की होडी घरातली होते, कुणाची तरी होते. कारखान्यात छापून निघालेल्या होडीला कोण बसवणार?

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला दादा हातात एक पिशवी घेऊन आले. बांधावर आम्ही खाडीला नारळ देतो, तेवढीच आमची पूजा. पिशवीतून त्यांनी सागाच्या लाकडाचा एक तुकडा काढला, वीतभर, काळा पडलेला. त्याला एक जुना तांब्याचा पैसा खिळ्याने ठोकलेला होता. होडी फोडली त्या होळीला एवढा तुकडा त्यांनी आगीतून वाचवला होता आणि इतकी वर्षं लपवून ठेवला होता. बांधावर कोणी ठोकून बघितलं नाही, कोणी हसलं नाही. दादा गुडघे धरत होडीत उतरले, पुढच्या फळीखाली वाकले आणि तो तुकडा पैशाचं तोंड खाली करून नाळेच्या खोबणीत दगडाने ठोकून घट्ट बसवला. हळदकुंकू लावलं. नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू दे. होरी तुजी हाय." मी नारळ पाण्यात सोडला. माझ्या वडिलांनी मला काही द्यायचं राहून गेलं होतं, ते त्या दिवशी मिळालं असं मला वाटलं.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं चांगलं वर्ष. दादा पुढच्या फळीवर, पाय लांब करून, नेमके त्या पैशाच्या वर. मी मागे वल्ह्यावर. ते बोटाने दाखवायचे, मी तिकडे वळवायचो. या वळणाला बापाने कसा भोवरा चुकवला, इथे भाताची पोती कशी भिजली, जे बांधावर कधी बोलले नव्हते ते सगळं तिथे बोलायचे. बांधावरचेही बदलले. टोप हा शब्द गेला, "आपली होरी" आली. चहाचा थर्मास आधी आमच्याकडे यायला लागला. माणसांची गंमतच आहे. होडी तीच, मी तोच, पण दादा बसले म्हणून ती चालली. मला ते कळत होतं, तरी गोड लागत होतं.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी होडीत पाणी दिसायला लागलं. आधी वाटलं, वल्ह्याचं उडालं असेल. मग दादांच्या चपला भिजल्या. मग मी डबा ठेवला, गळ एका हातात आणि उपसणं दुसऱ्या हातात. शेवटी टेम्पोत घालून होडी नारपोलीला वेल्डिंगच्या दुकानात नेली. वेल्डरने आत वाकून बघितलं आणि हातोडीने लाकडाचा तुकडा सैल केला. मी म्हणालो, "अहो, तो राहू दे." तोपर्यंत तो निघाला होता.

खाली पांढरी भुकटी होती. भुकटी पुसली तर पत्र्यावर पैशाएवढा गोल, खाल्लेला, आणि त्याच्या मधून दुकानाची फरशी दिसत होती. पैसा मात्र टवटवीत, चकाकत होता.

"तांबा और अल्मुनियम," वेल्डर म्हणाला, "बीच में खारा पानी. तांबा इसको खा जाता है, साहब. लकड़ी के नीचे पानी सूखता भी नहीं. ये वापस मत लगाना."

मी त्या गोलात बोट घालून बघितलं. आधी इतक्या लोकांनी टोमणे मारले, ठोकलं, शिशाचे गोळे मारले, त्याने होडीला एक पोचा आला नाही. भोक पाडलं ते त्या एका पूजेने. माझ्यावर जी एकच माया झाली होती, तिने.

वेल्डरने पत्रा लावून दिला. मी तुकडा आणि पैसा धुऊन, स्वच्छ फडक्यात बांधून दादांच्या घरी घेऊन गेलो. बांधावर सगळ्यांसमोर नको म्हणून घरी. दादा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. मी फडकं सोडून सगळं नीट सांगितलं, जसं वेल्डरने सांगितलं तसं. तांबं, खारं पाणी, भोक.

त्यांनी पैशाला हात लावला नाही.

"माजे बापाचे होरीन जलमभर व्हता ह्यो," ते म्हणाले. "तिला काय झाला न्हाय. मंग खोट कोनाची?"

"दादा, ती लाकडाची होती. लाकडाला काही करत नाही तांबं."

"मना इचारलास?"

"काय?"

"काढताना. मना इचारलास का?"

वेल्डरने हातोडी मारली तेव्हा मी दादांना फोन लावायला हवा होता? त्या क्षणी मला राग आला. बुडणाऱ्या होडीपेक्षा मान मोठा झाला का, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. एवढंच म्हणालो, "दुसऱ्या जागी ठेवू. लाकडाच्या फळीवर वरती लावू, कोरड्यात. चालेल ना?"

"तोंड पान्याला लागला पायजे," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी फडकं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं. "दिलेला परत घेत न्हाय आपुन."

दादांनी कुणाला काही सांगितलं असं मला वाटत नाही. पण पुढच्या रविवारी बांधावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं ते असं की मी दादांच्या बापाचा पैसा उपटून काढला. कुणी म्हणालं, "वेल्डरनं सांगितला आनि यानं काढला. उद्या देव पन काढल." मी भोकाबद्दल सांगायला गेलो, तर एकाने होडीला बोटांनी ठोकलं. टण्ण. बाकीचे हसले. टोप परत आला. माझ्या दगडावर लूमवाला बसला होता. त्याने बिचाऱ्याने उठल्यासारखं केलं, "आओ भाई, बैठो," पण दादा म्हणाले, "बस रे तू," आणि तो बसला. मी होडी लोटली आणि मधे जाऊन गळ टाकला. माझा गळ त्या दिवशी अडकला, तर मी दोरी कापून टाकली. सोडवायची इच्छा नव्हती.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला मी होडीतच होतो, बांधापासून हाकेच्या अंतरावर. मुद्दामच. कुणीतरी हाक मारेल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दादांनी नारळ सोडला. ओहोटी होती. नारळ हळूहळू वाहत माझ्याकडे आला आणि होडीला आपटला. टण्ण. बांधावर कुणीतरी जोरात हसलं. मी नारळ पाण्यातून काढला आणि दादांना दिसेल असा वर धरला. त्यांनी बघितलं. मग दगडाला हात टेकून, तसंच कण्हत, उठले आणि घराकडे निघाले. मी नारळ परत पाण्यात सोडला.

होडी आता एक थेंब पाणी घेत नाही. वेल्डरने काम चोख केलंय. पुढची फळी रिकामी असते म्हणून नाळ वर उचललेली राहते आणि वाऱ्याला होडी फिरते, तेवढंच. पैसा आणि लाकूड माझ्या गळाच्या पेटीत असतात, त्याच फडक्यात. कधीकधी पाण्याच्या मधे बसलेलो असताना मी ते काढतो, खोबणीला लावून बघतो. अजून अगदी नेमकं बसतं. आणि मला वाटतं, ठोकून टाकावं परत, तोंड पाण्याकडे करून, आणि बांधावर जाऊन दादांना दाखवावं. खाऊ दे पत्रा. वर्षभर तर टिकली होती.