पळून आला म्हणे

माझा धाकटा भाऊ फौजेच्या ट्रेनिंगमधून घरी आला त्याच संध्याकाळी गावात बातमी फिरली: पळून आला म्हणे. मला ती किराणा दुकानात कळली. सांगणाऱ्या बाईनं मला बघून आवाज खाली आणला, पण मला ऐकू येईल एवढाच. मी तिथंच विचारलं, "मावशी, ज्याला चालाय येईना तो पळून कसा आला, तेवढं सांगा की." तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "लोक म्हणत्यात बाई, मी कुठं म्हणते." लोक म्हणजे ती आणि तिची जाऊ. उचलली जीभ लावली टाळ्याला. साखर न घेताच मी घरी आले आणि चहा गुळाचा झाला.

आमचं गाव बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या रस्त्यावरून थोडं आत. भातशेती, आणि जवळजवळ प्रत्येक घरात एक माणूस फौजेत, नाहीतर फौजेतून आलेला. मी बेळगावजवळ मच्छेला एका कारखान्यात लोखंडाचे ओतलेले भाग तपासायच्या कामाला आहे. सकाळच्या पाळीला स्कूटरवरून निघायचे तेव्हा भाऊ त्याच रस्त्यावर पळत असायचा, शर्ट अंगाला चिकटलेला, मला बघून हात वर करायचा. दोन वर्षं असा पळला तेव्हा भरतीत निवडला गेला. गावानं फेटा बांधला, चौकात फ्लेक्स लावला, आणि पोरगं दूर उत्तरेकडच्या एका ट्रेनिंग सेंटरला गेलं.

रविवारी फोन यायचा. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात म्हणाला, "आक्का, जांघेत दुखतंय. पळताना लई दुखतंय." मी म्हणाले, डॉक्टरला सांग. तो म्हणाला, "सांगितलं की बहाणा करतोय म्हणत्यात. गोळी देत्यात आणि पळ म्हणत्यात." इतक्यात आप्पांनी, आमच्या वडिलांनी, माझ्या हातातून फोन घेतला. "सुरुवातीला अंग मोडून येतंयच. दुखतंय म्हणायचं न्हाय. दात खाऊन दम धर." मी आप्पांना नको नको ते बोलले, शेवटी आई मध्ये पडली. पोरानं मात्र आप्पांचं ऐकलं. पाठीवर वजन घेऊन पळताना एक दिवस खाली बसला, आणि उठलाच नाही.

खुब्याजवळ मांडीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. पडून झालेली नव्हे, पळून पळून झालेली. साध्या एक्सरेत आधी दिसलीसुद्धा नाही, मोठ्या मशिनीत घातल्यावर दिसली. अशा चिरेला प्लास्टर नसतं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला दोन कुबड्या दिल्या, आजारपणाची रजा दिली आणि बजावलं की हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. चीर भरून आली तर पुढच्या तुकडीबरोबर ट्रेनिंग पुन्हा करता येईल. पाय टेकवला आणि हाड सरकलं, तर ऑपरेशन, आत स्क्रू, फौज संपली, आणि पुढं आयुष्यभर नीट चालेल याचीही खात्री नाही. म्हणजे आमच्या घराला एकच काम होतं. त्याला बसू द्यायचं. तेवढंही आमच्या घराला आणि गावाला जमलं नाही, आणि तो राग माझ्या डोक्यातून जात नाही.

बेळगाव स्टेशनवरून त्याला आणायला मी आणि आप्पा भाड्याची गाडी करून गेलो होतो. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, देवळापाशी उतरावं लागतं. तिथं आप्पांनी डिकीतून एक जुनी चादर काढली आणि कुबड्या तिच्यात गुंडाळायला लागले. मला आधी कळेचना.

"हात टाक माझ्या खांद्यावर," त्याला म्हणाले. "दोस्तावानी. बोलत बोलत जाऊ."

"आप्पा, त्याला पाय टेकवायचा न्हाय."

"दोन पावलं तर हाईत. कट्ट्यावर सगळी बसल्यात, दिसत न्हाय व्हय तुला?"

मला दिसत होतं. म्हणूनच मी चादर ओढली. आप्पांनी दुसऱ्या बाजूनं ओढली. आम्ही बापलेक देवळासमोर चादरीची ओढाओढ करतोय आणि मध्ये तो एका पायावर, गाडीच्या दाराला धरून. शेवटी तोच म्हणाला, "आक्का, जाऊ दे." आणि आप्पांच्या खांद्यावर हात टाकून, ओठ आत घेऊन, हसत हसत गल्लीतून गेला. मी मागून निघाले. चादर तिथंच टाकली आणि दोन्ही कुबड्या खांद्यावर आडव्या घेतल्या, कट्ट्यावरच्या एकूण एक माणसाला दिसाव्यात म्हणून.

मग बघायला येणारे सुरू झाले. आजारी माणसाला बघायला जायची आमच्याकडं रीत आहे, बिस्किटाचा पुडा नाहीतर शहाळं घेऊन जायचं. रीत वाईट नाही. पण आलेला प्रत्येक माणूस आधी पायाकडं बघायचा आणि विचारायचा, "प्लास्टर कुठाय?" प्लास्टर नाही म्हटलं की तोंडावर जे यायचं ते मी ओळखायला शिकले. मग पुढचं वाक्य, "जरा टेकवून तरी बघ की." एकानं एका हाडवैद्याचं गाव सांगितलं, तेल लावून तो पाय असा झटका देऊन ओढतो म्हणे. आई जायला तयार झाली होती. मी म्हणाले, आधी तुझा ओढून घे, मग त्याचा.

दारात पाव्हणा दिसला की आप्पा कुबड्या उचलायचे आणि तांदळाच्या पिंपामागं ठेवायचे. मग पोरगं बाहेरच्या सोप्यातल्या पलंगावर धडधाकट दिसायचं, आणि पाव्हणा जाईपर्यंत त्याला लघवीलाही उठता यायचं नाही. एकदा तर एक जण फौजेतल्या दारूच्या गोष्टी सांगत इतका वेळ बसला की भावाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मी आतून कुबड्या आणून पलंगाशी आपटल्या आणि म्हणाले, "काका, त्याला मोरीला जायचंय. उठा तुम्ही." काका उठले. आप्पा मला म्हणाले, "घराची अब्रू घालवलीस." मी म्हणाले, "मुतायला जाण्यात कसली अब्रू?"

आप्पा असं का करायचे ते मला कळत नव्हतं असं नाही. तरुणपणी भरतीला गेले होते, छाती कमी भरली आणि परत आले. पोराच्या फेट्यावर त्यांनी आपली सगळी जुनी लाज उतरवून टाकली होती, आणि आता ती परत डोक्यावर आली होती. पण दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसा तो डाग त्यांनी पोराच्या हाडाला दिला. मला त्यांची दया यायला हवी होती असं आई अजून म्हणते. आली नाही.

एका रविवारी दुपारी उस्ताद आला. गावाबाहेरच्या मैदानावर भरतीची अकॅडमी चालवणारा, फौजेतून निवृत्त झालेला माणूस. भावाला पळायला त्यानंच शिकवलं होतं, आणि मैदानाच्या गेटवरच्या बोर्डावर भरतीत निवडलेल्या पोरांत भावाचा फोटो होता. बुलेटचा आवाज आला तशा कुबड्या पिंपामागं गेल्या. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. सोप्यातून आवाज आला, "जय हिंद, उस्ताद!" तो आवाज बसलेल्या माणसाचा नव्हता.

मी पिठाच्या हातानं बाहेर आले. भाऊ उभा होता. दोन्ही पायांवर, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून, एकदम सावधान.

"बघा!" उस्ताद आप्पांना म्हणाला. "उभारला की न्हाय? मी म्हटलंच होतं. निम्मं दुखणं डोक्यात असतंय." मग त्याच्याकडं वळून, "उद्यापासनं मैदानावर ये. हळूहळू पळ. हाड पळूनच घट्ट होतंय."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मी उस्तादला म्हणाले, तुम्ही डॉक्टर हाय का? तो म्हणाला, बावीस वर्षं फौजेत काढली. मी म्हणाले, मग बावीस वर्षांत हाड काय असतंय ते कळलं न्हाय व्हय? आप्पा म्हणाले, "बायकांनी यात बोलायचं न्हाय." मी म्हणाले, मग बाप्यांनी बोलून काय दिवे लावले ते बघा. उस्ताद म्हणाला, बोर्डावर फोटो हाय पोराचा, लोक मला विचारत्यात. तेव्हा मला कळलं की तो भावाला बघायला आलाच नव्हता, आपला बोर्ड बघायला आला होता. तसं मी तोंडावर सांगितलं. आणखीही बरंच सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भांडता भांडता माझं लक्ष भावाकडं गेलं. तो अजून उभा होता. तसाच, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. कपाळावरून घाम गालावर उतरला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"बस रं," मी म्हणाले. तो हलला नाही. "बस की बाळा." नाही. आई रडायला लागली, "बस रं माझ्या राजा." नाही. उस्ताद समोर उभा होता, आणि उस्तादनं बस म्हटलं नव्हतं. उस्तादच्या ध्यानातही ते नव्हतं. तो आप्पांना अकॅडमीच्या नावाबद्दल काहीतरी सांगत होता.

शाळेत पंधरा ऑगस्टच्या परेडला हुकूम मी द्यायचे. तो आवाज माझ्या पोटातून कसा आला मला माहीत नाही.

"विश्राम! नीचे बैठ!"

तो बसला. बसला म्हणजे पलंगावर कोसळला. आईचं ऐकलं नाही, आक्काचं ऐकलं नाही, त्या आवाजाचं ऐकलं. मला त्याला मिठीत घ्यावंसं वाटलं आणि त्याच्या थोबाडीतही द्यावीशी वाटली. उस्तादनं गाडीची किल्ली उचलली आणि गेला.

संध्याकाळपर्यंत त्याला कूस बदलता येईना. गाडी करून बेळगावला लष्करी दवाखान्यात नेलं. फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. चीर आरपार गेली होती, हाड सरकलं होतं. त्यांनी वळून विचारलं, "किसने खड़ा किया इसको?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडं नावांची कमी नव्हती. आप्पा माझ्या शेजारीच फरशीकडं बघत उभे होते. पण भाऊ स्ट्रेचरवरून म्हणाला, "मैं खुद खड़ा हुआ, साब." स्वच्छ, सरळ आवाजात, रिपोर्ट दिल्यासारखा. आजवर मला जेवढे राग आले त्यात तो सगळ्यात मोठा. कुणाचं नाव घ्यायचं नाही हेही त्याला कुणीतरी पळवता पळवताच शिकवलं असणार.

ऑपरेशन झालं, स्क्रू बसले. पुढं फौजेच्या डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड बसलं आणि फौजेनं त्याला कायमचं घरी पाठवलं. गावानं आपली बातमी बदलली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना पुरावा लागतो, आणि आता तर मांडीवर टाके होते, तरी एकानं विचारलंच की हे ट्रेनिंगच्या आधीचं तर नव्हे.

ऑपरेशननंतर बऱ्याच आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, आता कुबड्या धरून थोडा थोडा भार द्यायला सुरुवात करा. घरी सोप्यात आम्ही सगळे जमलो. तो पलंगाच्या कडेला बसला होता, कुबड्या दोन्ही हातांत. आई देवाकडं बघत होती. आप्पा दाराशी उभे होते.

तो उठेना. पायाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघून हसला.

"आक्का, हुकूम दे की. त्या दिवशीवानी. त्याबिगर पाय ऐकंना झालाय."

त्याला ती चेष्टा वाटत होती. मला नाही. इतक्या जणांनी त्याला ऊठ, पळ, टेकव, उभार म्हटलं होतं, आणि आता त्या रांगेत मीही होते.

"न्हाय देणार," मी म्हणाले. "तुला उठावं वाटलं तर ऊठ. न्हाय वाटलं तर बस."

त्यानं पाऊल खाली आणलं. आधी टाच, मग तळवा. थोडा भार दिला, तोंड वाकडं झालं. मग पाऊल उचलून परत पलंगावर घेतलं.

"आज नको," म्हणाला. "दुखतंय."

आप्पांच्या समोर हे तो पहिल्यांदा बोलला. आप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते तसेच थांबले, मग आत आले आणि त्याच्या पायाशी बसले.

"कुठं दुखतंय?" त्यांनी विचारलं.