मोहाच्या भट्टीपाशी

नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा धूलकोटच्या आबकारी चौकीतले माझे दोन्ही सोबती निघून गेले. ते वऱ्हाडचे, त्यांचा मुलूख मुंबई राज्यात गेला, तसे तेही गेले. मी बुऱ्हाणपूरचा, म्हणून राहिलो. घरी आई-वडील उरले नव्हते, लग्न झालेलं नव्हतं. चौकीत माझ्याशी मराठीत भांडायलाही कुणी नव्हतं, आणि भांडणाची मला पहिल्यापासून हौस.

दारू धरणाऱ्याशी गावात कोण बोलणार? मी पारावर टेकलो की चाललेल्या गप्पा एकदम केळीच्या बागांवर यायच्या. आबकारीत माणसाचं नाक तेवढं नोकरीला ठेवतात, बाकीचा माणूस सोबत येतो एवढंच. माझं नाक चांगलं होतं.

मोहाची दारू कशी करतात ते मला पाठ होतं, चव मात्र ठाऊक नव्हती. वाळलेली फुलं मडक्यात भिजत घालायची. आंबून बुडबुडे यायचे थांबले की मडकं चुलीवर चढवायचं, त्यावर दुसरं भांडं, आणि सगळ्यांत वर थंड पाण्याचं. सांधे ओल्या मातीनं लिंपायचे. वाफ थंड बुडाला लागते आणि थेंब थेंब मधल्या भांड्यात पडते. जाळ वाढला तर माल करपतो, वरचं पाणी तापलं तर वाफ वाया जाते. म्हणून भट्टीपाशी कुणीतरी बसून राहतं, आणि त्याच्यापाशी गप्पा मारायला आणखी दोघं-चौघं. धाडीला जाताना कुडामागून मला ते हसणं ऐकू यायचं. मी आत शिरलो की बंद व्हायचं. खरं सांगतो, मला त्या हसण्याचा हेवा वाटायचा.

पाड्यावरचा एक म्हातारा तेवढा रोज राम राम करायचा. एकदा थांबून म्हणाला, “एकले काय बसता चौकीत, साहेब? घरी येत जा ना कधी.”

लोक असं म्हणतात, ते मनावर घ्यायचं नसतं. मी घेतलं. रविवारी दुपारी खाकी उतरवली, धुतलेलं धोतर नेसलो, बत्तासे घेतले आणि निघालो. वाटेत काय बोलायचं तेही ठरवत होतो. पाड्याजवळ मोहाचा वास आला. आज तो वास आपल्या कामाचा नाही, असं मी मनाशी म्हणालोसुद्धा. पण पायांना इतक्या वर्षांची सवय. ते म्हाताऱ्याच्या घराला वळसा घालून, कूड ओलांडून, सरळ मागच्या परसात गेले.

म्हातारा, त्याची सून आणि दोघं पाहुणे भट्टीपाशी बसले होते. सून मला पाहताच उठली. तिनं मडकं कलतं केलं, सगळं जमिनीवर ओतलं आणि चुलीवर पाणी मारलं. धुरात कुणी खोकलंही नाही.

“गलती झाली साहेब,” म्हाताऱ्यानं हात जोडले. “भाऊ गेला माझा, त्याच्या दिवसाची दारू होती ही. त्याच्या नावानं पहिली धार जमिनीले द्यायची, मंग चार माणसं बसून घेणार होतो.”

“अहो बाबा, मी धाडीला नाही आलो. बसायला आलो. तुम्हीच म्हणाला होता ना!”

त्यानं माझं धोतर पाहिलं, बत्ताशांचा पुडा पाहिला. त्याला पटलं असावं, कारण त्याचा चेहरा आणखीच पडला.

“मंग पुढून यायचं ना, साहेब,” तो म्हणाला.

मग त्यांनी पाहुणचार केला. परसातच बाज टाकली, वर गोधडी अंथरली. सून चहा घेऊन आली. खाली चिखल झाला होता आणि त्याला गोड वास येत होता. मी “बसा, तुम्ही बसा ना” म्हणत राहिलो. ते “हो साहेब” म्हणत राहिले. चहा संपेपर्यंत मी एकटा बसलेला होतो आणि ते सगळे माझ्याभोवती उभे होते.