मेलेल्यांच्या यादीतले पणजोबा

आमचे पणजोबा चाळीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये स्वतःच्याच नावाखाली बसले. नाव भिंतीवरच्या पाटीवर होतं. लढाईत मेलेल्या गावकऱ्यांच्या यादीत, वरून पाचवं.

पाटी बसवून वर्ष झालं आणि हे चालत घरी आले. गालावर व्रण, दाढी छातीपर्यंत, तोफांपायी कान गेलेले. पूर्वी चर्चमध्ये छप्पर हलेल असे गायचे. आता गीत सुरू झालं की मुकाट उभे. पाळक कानाशी ओरडून म्हणाले, नाव खोडून टाकू. पणजोबा म्हणाले, "राहू द्या. आज ना उद्या खरं ठरेलच."

हा विनोद अंगाशी आला. सहा वर्षं त्यांच्या वाट्याची जमीन कसणारा थोरला भाऊ म्हणू लागला, हा आमचा धाकटा नव्हेच. तो मेला, हा त्याच्या पलटणीतला कुणी तोतया. "माझा नवरा मला ओळखू येत नाही होय?" असं पणजीनं ठणकावलं, पण बाईमाणसाचं ऐकतो कोण! पुढे जमिनीची वाटणी झाली, पण मुलं सगळी परतल्यानंतरची, म्हणून कुजबुज नातवंडांपर्यंत पोचली.

त्या नातवंडांतली शेवटची माझी आत्या. शाळेत तिला 'तोतयाची नात' म्हणायचे. तिनं लग्न केलं नाही, तारखात्यात नोकरी केली, साहेबालाही उलट बोलली. पण हे शल्य काही गेलं नाही. ऐंशी उलटल्यावर तिनं स्वतःच्या कबरीचा दगड घडवायला टाकला, कारण आमच्या कुणावर भरवसा नाही. आणि आडनावापाशी अडून बसली. पाथरवट निरोप धाडून थकला.

"उसनं आडनाव लावून जन्म काढला. आता देवाच्या दारातही खोटं बोलू?"

"अगं, देवाला ठाऊक नसेल का?" मी म्हणायची.

"त्याला असेल. मला नाही ना!" ती डाफरायचीच माझ्यावर.

त्याच वर्षी गावातला बूटवाला तीन पिढ्यांचं दुकान आवरत होता. माळ्यावर जुन्या गिऱ्हाइकांचे लाकडी साचे निघाले. त्यांच्यावर चामडं ताणून बूट शिवायचे. प्रत्येक जोडावर नाव, आणि जेव्हा जेव्हा बूट शिवले ती सालं तळव्याला डागलेली. त्यात आमच्या पणजोबांचाही जोड होता. बूटवाल्यानं निरोप पाठवला.

आत्या काठी टेकत गेली, मागे मी. दुकानभर मेणाचा वास. मी साचा उलटा करून सालं वाचली. दोन लढाईच्या आधीची, सात परतल्यानंतरची.

"झालं की! माणूस एकच," मी म्हटलं.

"एकाच्या साच्यावरचे बूट दुसऱ्याला बसत नाहीत का?" आत्या म्हणाली. संशयाची सवय इतकी मुरलेली.

बूटवाला हसला. "हे कुणाला बसणार, आजी? डावा बघा. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. माझ्या आजोबांनी त्यासाठी लाकडात उंचवटा ठेवलाय. असा पाय मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचे बूट तीस वर्षं शिवतोय."

आत्या स्टुलावर बसली. सावकाश डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय साच्याशेजारी ठेवला. तेच चढलेलं बोट, तोच बाक. लहानपणी आम्ही भाचरं या बोटाला हसायचो.

 मग आत्या हसत सुटली, ठसका लागेपर्यंत, डोळे पुसत. "या मेल्या बोटानं जन्मभर छळलं! एक बूट सुखानं घालू दिला नाही. आणि निघालं आजोबांचं!"

मलाही एकदम हलकं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं शंका माझ्याही मनात होती तर.

ती घरी परतलीच नाही. तशीच पाथरवटाकडे गेली. तो छिन्नी ठेवून उठला. "ठरलं का आडनाव?"

"ठरलं. आणि अक्षरं चांगली मोठी घाल," आत्या म्हणाली. "आजोबांच्या थोरल्या भावाच्या कबरीपासून वाचता आली पाहिजेत."