पाठमोरे गुरुजी

परीक्षेच्या दिवशी मुलांकडे पाठ करून बसणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे मास्तर कॉपी पकडायला डोळ्यांत तेल घालून फिरत. आमचे गुरुजी वर्गाच्या उंबरठ्यावर बसून बाहेर रस्त्याकडे बघत. बाभुळगावजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे पाठमोरे गुरुजीच म्हणत. कुणी छेडलंच तर ते म्हणत, "भेलेलं पोट्टं कॉपीबी करू शकत नाई. पयले त्याचं भेव जाऊ द्या."

पण आधी ते असे बसत नसत. आम्ही चौथीत होतो आणि कापसाची ती वाईट वर्षं चालली होती. सहामाहीचा पेपर सुरू असताना एक माणूस दारात आला आणि आमच्या वर्गातल्या एका मुलाला म्हणाला, "चाल, घरी चाल." मुलगा अर्धा पेपर तसाच टाकून गेला. त्याचे वडील गेले होते. कसे गेले हे त्या वर्षांत कुणी विचारत नसे, सगळ्यांना ठाऊकच असे. महिन्याभरात त्याला मामानं पुसदला नेलं. तेव्हापासून पेपर हातात पडला की आमच्या माना दाराकडे वळायच्या. बाहेर चपला वाजल्या की हातातली पेन्सिल थांबायची. आता कोणाचं नाव?

मग गुरुजींनी दारच अडवलं. "दाराकडं मी पाह्यतो. तुमी कागदाकडं पाहा."

पेपर वाटण्याआधी ते प्रत्येकाच्या तळहातावर सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका ठेवत. हात नाकासमोर धरायचा आणि श्वास असा घ्यायचा-सोडायचा, की पुंजका जागचा हलता कामा नये. सुरुवातीला नुसतं खिदळणं! कुणाचा कापूस पुढच्या मुलीच्या वेणीत, कुणाचा स्वतःच्याच नाकात. हळूहळू वर्ग शांत होई. ज्याचा कापूस थांबला, त्याला पेपर. "घाई करू नोका बाप्पा, पेपर काई पळून नाई जात," असं म्हणत ते सगळ्यांसाठी थांबत.

माझा कापूस मात्र काही केल्या थांबेना. एकदा ते माझ्याजवळ उकिडवे बसले. "वंदे, तुहा कापूस काहून उडून राह्यला व?"

मी त्यांच्या कानात सांगून टाकलं. बाबा कापसाची सरकी काढायच्या जिनिंगात कामाला होते, ते जिनिंग बंद पडलं होतं. बाबा दिवसभर भिंतीला टेकून बसत, बोलत नसत. आई वेचणीला जाताना मला बजावून जाई, "शाळा सुटली की सरळ घरी ये अन् बाबाजवळ बस." म्हणजे मी शाळेत असेपर्यंत बाबांजवळ कोणीच नाही. मला पेपराची कसली भीती? मला बाबा एकटे असलेल्या त्या घराची भीती वाटायची. गुरुजी नुसते माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. निम्मी गणितं झाली असतील, तोच बाहेर चपला वाजल्या. पाठोपाठ खोकला आला. तो खोकला मी हजारांत ओळखला असता, बाबांचाच! मान वर करायची हिंमत होईना. मग गुरुजींचा आवाज आला, अगदी रोजचा, "बसा. पोरगी लिहून राह्यली. तवरिक आपण दोघं दार पाहू."

देवाशपथ सांगते, पुढची गणितं मी कशी सोडवली ते मला आजही आठवत नाही. संपल्यावर वर पाहिलं, तर उंबरठ्यावर दोन पाठी. बाबांच्या तळहातावर कापसाचा पुंजका, आणि तो हात खालून गुरुजींनी धरलेला.

घरी जाताना मी विचारलं, "बाबा, काहून आलते?"

"सहज. तुले पाहाले."

मी वाटभर त्यांचं बोट सोडलं नाही. मागून गुरुजींनी हाक मारली, "उद्या भाषेचा पेपर हाये. येजा बरं! दाराले दोन माणसं लागतात." आणि खरंच बाबा आले. मग दर पेपरला आले. त्या दिवसांत घरात त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो हे विचारताना, "वंदे, आता पेपर कवा हाये?"

पुढच्या वर्षी गुरुजींची वणीकडे बदली झाली. आम्ही पोरं ढसाढसा रडलो. बाबांनी त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत पोचवली. खिडकीतून गुरुजी त्यांना एवढंच म्हणाले, "दार तुमच्याकडं बरं का." पुन्हा काही त्यांची भेट झाली नाही, ही हळहळ मला जन्मभर राहणार.

आता माझी लेक चौथीत आहे. परवा तिची परीक्षा होती. सकाळी बाबांनी तिच्या हातावर कापूस ठेवला. तिचा चटकन थांबला आणि ती उड्या मारत गेली. बाबा तिच्या वाटेकडे बघत दारातच बसून राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी तुले शेवटचं पाहाले आलतो, वंदे."

मी म्हटलं, "मग?"

"मंग काय? गुरुजी म्हणाले, बसा. बसलो."