गिरणीची बैठक आणि बाबांची मान

दवनीवाड्याच्या शेतकऱ्यांनी इतरांसोबत मिळून गोंदियात धानाची गिरणी काढली, तेव्हा बाबांनीही तिचे शेअर घेतले. धानाची बैलबंडी घेऊन गेले की पोती स्वतःच उतरवायचे. हमाल हसत, पण बाबा म्हणत, "घरचं काम हाय."

पुढे चेअरमननं बैठकीत विषय काढला, गिरणी विकू. घेणारा त्याचाच साळा, तोही मातीमोल भावानं. "कोणाचा विरोध?" त्यानं विचारलं.

आमच्याकडं मोठ्या माणसाचं पटलं तर "हो जी" म्हणतात. नाही पटलं तर मान खाली घालून गप्प बसतात. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याचं पाणी उतरवणं. सगळे गप्प बसले की तोच समजतो आणि विषय सोडतो. त्या दिवशी सगळे गप्प बसले. हा मेला चेअरमन याच मुलखातला, रीत त्यालाही ठाऊक होती. त्यानं 'एकमतानं मंजूर' लिहून घेतलं आणि उठला.

गावानं बाबांना गिरणीचे कागद देऊन नागपूरच्या वकिलाकडं धाडलं. मी शाळेत शिकवत होते, म्हणून सोबत मी. वकील भला वाटला. म्हणाला, "लोकांच्या विश्वासावर बसून यानं स्वतःचं घर भरलं. दावा होतो." बाबांचा चेहरा उजळला.

"बैठकीत विरोध कोणी केला?"

"सगळ्यांनीच, जी."

"काय म्हणालात?"

"गप्प बसलो नं."

मी रीत समजावून सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली. "पटतं हो बाई. पण कोर्टात गप्प म्हणजे होकार. यांनी तिथं चेअरमनसमोर उभं राहून सांगावं, मी विरोधात होतो. एवढं बोलले तर मी लढतो."

"त्याच्या तोंडावर?" बाबांनी विचारलं. मग म्हणाले, "मी नुसता बसतो जी तिथं. त्याले समजते."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, काऊन नाही बोलत जी तुमी?" ते माझ्याकडं बघेनात.

"मग सोडून द्यायचं?" वकिलानं हळूच विचारलं.

बाबांनी मान खाली घातली.

"ते नाही म्हणताहेत," मी म्हटलं.

"त्यांना म्हणू द्या."

त्यानं बराच वेळ वाट पाहिली, खोटं कशाला बोलू. मग कागद बांधून कपाटात ठेवले आणि आम्हाला नमस्कार केला. बाबांनीही हात जोडले.

गाडीत ते खुशीत होते. मला कळेना काय झालं. तिरोडा गेल्यावर स्वतःच बोलले, "भला माणूस हाय. सोडाले मी हो म्हटलंच नाही. कागद बराबर ठेवून घेतले त्यानं. आता लढते तो."

मी त्यांच्याकडं पाहिलं. मलाही त्यांच्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही.